फिलिंग परत परत निघतेय? बाँडची बाटली बदलण्याआधी दाताचा पृष्ठभाग तपासा

तक्रार बहुतेक वेळा ठरावीक असते. हिरडीलगतचे कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचे रेझिनचे फिलिंग) काही महिन्यांत अख्खेच्या अख्खे निघून येते. पुन्हा भरले तरी पुन्हा निघते. कधी बाँड करून बसवलेला ओनले (दाताचा चावण्याचा भाग झाकणारा, बाहेर बनवलेला तुकडा) सिमेंटसकट हातात येतो आणि खालचा दात धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो. कधी फिलिंग जागेवरच असते, पण चावताना कळ जाते आणि आठवडे उलटले तरी थांबत नाही. मग संशय बाँडवर, म्हणजे फिलिंग दाताला चिकटवणाऱ्या द्रव रेझिनवर जातो, दुसऱ्या कंपनीची बाटली येते आणि थोडे दिवस बरे जातात, कारण नव्या बाटलीसोबतचे सूचनापत्रक वाचले जाते आणि त्यातल्या वेळा पाळल्या जातात. सवय जुन्या वळणावर आली की तक्रारही परत येते.

नावाजलेले बहुतेक बाँड नीट तयार केलेल्या पृष्ठभागावर नीट धरतात. फरक पडतो तो बर (दात कापणारे फिरते टोक) थांबल्यापासून बाँड लागेपर्यंतच्या दोन-तीन मिनिटांत: पृष्ठभागावर काय उरले, किती ओल राहिली, मधे काय लागले. त्यामुळे शोध तिथूनच सुरू करायचा.

निघालेला तुकडा फेकू नका

पेशंटने तुकडा आणला असेल तर तो वाळवून लूपखाली (भिंगाखाली) धरा. दाताकडची बाजू बघायची. तिच्यावर बरच्या रेघांचा हुबेहूब ठसा असेल आणि दात कोरा असेल, तर रेझिन दातात शिरलेच नव्हते. दोष दाताच्या पृष्ठभागाचा. दातावर चकचकीत रेझिनचा थर शिल्लक असेल आणि कॉम्पोझिट त्यावरून सुटले असेल, तर बाँड दाताला धरला होता. क्युअर झालेल्या (लाइटने कडक केलेल्या) थरावर लाळ लागली किंवा क्युअरिंगच कमी झाले. कॉम्पोझिट मधूनच तुटले असेल, अर्धे दातावर आणि अर्धे तुकड्यावर, तर चावण्याचा भार, थराची जाडी आणि लाइट यांच्याकडे वळा.

क्राउन किंवा ओनले असेल तर सिमेंट कुठे राहिले ते पाहा. सगळे सिमेंट क्राउनच्या आत आणि दात कोरा, म्हणजे दाताची तयारी चुकली. सगळे दातावर आणि क्राउन आतून स्वच्छ, म्हणजे क्राउनच्या आतल्या बाजूची तयारी चुकली. एवढा एक फरक ओळखला तरी निम्मा शोध संपतो.

कडेला इनॅमल (दाताचे कठीण बाहेरचे आवरण) असेल तर दातावर रेझिन शिल्लक आहे का हे ओळखायची सोपी युक्ती आहे. दात प्युमिसने साफ करा, ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड १५ सेकंद लावा, धुवा, वाळवा. जिथे इनॅमल उघडे आहे तिथे खडूसारखा पांढरटपणा येतो. जो पट्टा चकचकीतच राहतो तिथे जुने रेझिन आहे किंवा ॲसिड पोहोचू न देणारे काहीतरी चिकटले आहे.

फिलिंग कधी निघाले यावरूनही अंदाज येतो. पहिल्या एक-दोन दिवसांत निघाले तर लाळ, रक्त, तेल किंवा कमी क्युअरिंग. काही महिन्यांनी अख्खे निघाले तर डेंटीन (इनॅमलखालचा दाताचा भाग) जास्त वाळले होते किंवा बाँडमधले द्रावक उडाले नव्हते, असा संशय घ्या. कळ पहिल्या दिवसापासून असेल तर डेंटीनच्या नलिका उघडून नीट बंद झाल्या नाहीत.

बर काय मागे ठेवतो

बर दात कापतो तेव्हा इनॅमल, डेंटीन, कोलॅजन, पाणी, जीवाणू या सगळ्यांचा चुरा त्याच पृष्ठभागावर थापला जातो. हा स्मिअर लेअर साधारण अर्धा ते दोन मायक्रॉन जाड असतो आणि डेंटीनच्या नलिकांची तोंडे बुजवतो. पाण्याच्या फवाऱ्याने तो जात नाही. खालच्या डेंटीनला त्याची पकड जेमतेम ५ मेगापास्कलच्या आसपास असते. त्याच्या माथ्यावर बाँड कितीही उत्तम चिकटला तरी ओढ बसली की हा चुराच खालून सुटतो.

फॉस्फोरिक ॲसिड लावून धुण्याच्या पद्धतीत हा थर निघून जातो, म्हणून तिथे बर कोणता वापरला याने फारसे बिघडत नाही. सेल्फ-एच बाँड (एचिंग, म्हणजे ॲसिडने खाचा पाडण्याचे काम, स्वतःच करणारा) मात्र स्मिअर लेअर धुऊन काढत नाही. तो त्यातून वाट काढत खाली जातो. २ च्या आसपास पीएच असलेल्या सौम्य सेल्फ-एचची ताकद बेताची असते. जाड, घट्ट थर समोर आला की ॲसिड त्यातल्या खनिजावरच खर्च होते आणि खालच्या डेंटीनपर्यंत पुरेसे पोहोचत नाही.

हिरव्या पट्टीच्या जाड डायमंडने तयारी संपवून थेट सौम्य सेल्फ-एच लावणे, हे वारंवार निघणाऱ्या फिलिंगमागचे फार नेहमीचे आणि फार दुर्लक्षित कारण आहे. आकार जाड डायमंडने द्यायला हरकत नाही. पण शेवटचा हात लाल पट्टीच्या बारीक डायमंडने किंवा धारदार कार्बाइड बरने, हलक्या दाबाने आणि भरपूर पाण्याखाली फिरवा. मोजून १० ते १५ सेकंदांचे काम आहे. बोथट डायमंड कापत नाही, घासतो. पाणी कमी असेल तर चुरा तापून आणखी घट्ट बसतो. बर बदलण्यात केलेली काटकसर इथे महागात पडते.

५० मायक्रॉन अल्युमिनाने एअर ॲब्रेजन करणे, म्हणजे हवेच्या दाबाने ती पावडर मारून पृष्ठभाग खरवडणे, हा दुसरा चांगला मार्ग. मात्र त्यानंतर पाण्याने नीट धुवा, कोपऱ्यात पावडर राहू देऊ नका, आणि रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) व जोरदार सक्शन असल्याशिवाय हे करू नका.

आता तेल. हँडपीसला तेल दिल्यावर तो तोंडाबाहेर २०-३० सेकंद चालवून जादा तेल बाहेर पडू द्यायचे असते. घाईत हे राहते आणि तयारीच्या शेवटच्या क्षणी तेलाचे सूक्ष्म थेंब डेंटीनवर पडतात. थ्री-वे सिरिंजची हवाही रोज तपासा: स्वच्छ, कोरड्या तोंडाच्या आरशावर पाच सेकंद हवा मारा. आरशावर बिंदू किंवा धुरकट पट्टा उमटला तर लाइनमध्ये पाणी किंवा तेल आहे. अशा हवेने केलेले प्रत्येक बाँडिंग संशयास्पद. काँप्रेसरचे पाणी काढा, फिल्टर बदला, मग पुढचे काम घ्या.

इनॅमल: सोपे वाटते म्हणून हुकते

मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये ८५ टक्के फॉस्फोरिक ॲसिड ३० सेकंद लावून ॲक्रिलिक इनॅमलला घट्ट धरते हे दाखवले, तेव्हापासून मूळ तत्त्व तेच आहे. आज ३२ ते ३७ टक्के जेल, १५ ते ३० सेकंद, आणि तेवढाच वेळ धुणे. जेल दिसेनासे झाले म्हणजे धुणे पुरे झाले असे नाही. जेल घट्ट करणारी सिलिका आणि विरघळून पुन्हा बसलेले क्षार मागे राहतात.

सौम्य सेल्फ-एच किंवा युनिव्हर्सल (दोन्ही पद्धतींत चालणारा) बाँड इनॅमलवर, विशेषतः न कापलेल्या इनॅमलवर, उथळ खाचा पाडतो. वर्षभरात कडेने तपकिरी रेघ येते ती इथून. उपाय सरळ आहे: फक्त इनॅमलच्या कडेला फॉस्फोरिक जेल द्या, डेंटीनला लागू देऊ नका, धुवा, मग सगळीकडे युनिव्हर्सल बाँड. त्यासाठी पसरणारे पातळ जेल नको, जागेवर उभे राहणारे घट्ट जेल घ्या.

फ्लोरोसिसच्या दातांचा वरचा थर ॲसिडला दाद देत नाही आणि दुधाच्या दातांवर प्रिझम (इनॅमलचे सूक्ष्म दांडे) नसलेला थर असतो. दोन्हीकडे वरचा थर बारीक डायमंडने किंचित खरवडा, मग ॲसिड द्या. पांढरटपणा सगळीकडे सारखा आला नाही तर त्याच जागी पुन्हा १५ सेकंद द्या. फ्लोराइड आणि तेल असलेली पॉलिशिंग पेस्ट बाँडिंगआधी वापरू नका. साधा प्युमिस आणि पाणी पुरते.

डेंटीनची ओल

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते, आणि काम करताना ते डोळ्यांना दिसत नाही.

इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज आहे. डेंटीनमध्ये खनिज साधारण ७० टक्के, सेंद्रिय भाग २० टक्के, पाणी १० टक्के. शिवाय ते सगळीकडे सारखे नसते. इनॅमललगत एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे २०,००० नलिका असतात, पल्पजवळ (दातातल्या नसेजवळ) त्या ४५,००० पर्यंत जातात आणि रुंदही होतात. पोकळी जितकी खोल तितके नलिकांमधले घन डेंटीन कमी आणि आतून येणारे पाणी जास्त. उथळ पोकळीत चालून गेलेली सवय खोल पोकळीत दगा देते ती यामुळे.

फॉस्फोरिक ॲसिड १५ सेकंद लावले की डेंटीनच्या वरच्या काही मायक्रॉनमधले खनिज निघून जाते आणि कोलॅजनची उघडी जाळी राहते. तिला आधार फक्त पाण्याचा. पाण्यात सोडलेले केस सुटे तरंगतात आणि बाहेर काढले की चपटे होऊन एकमेकांना चिकटतात; कोलॅजनचे तंतू तसेच वागतात. हवेने खडखडीत वाळवले की जाळी दबून बसते, तिच्यातली छिद्रे मिटतात आणि रेझिन वरच राहते. रेझिन आणि कोलॅजन एकमेकांत गुंतून होणारा जो हायब्रीड लेअर नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये दाखवला, तो अशा जागी तयारच होत नाही. खाली उघडे कोलॅजन राहते, आत पाणी हलत राहते, आणि डेंटीनमधली एमएमपी नावाची विकरे ते कोलॅजन हळूहळू कुरतडतात. म्हणून फिलिंग त्या दिवशी पक्के वाटते आणि काही महिन्यांनी सुटते.

उलट टोकाला, पाण्याचे तळे ठेवले तर बाँडमधले पाण्यात मिसळणारे आणि न मिसळणारे घटक वेगळे होतात, बुडबुडे राहतात आणि थर कमकुवत होतो.

हवी असते ती समान, मंद चमक: साचलेले पाणी नाही, खडूसारखा कोरडेपणाही नाही. ती मिळवायची तर जेल धुतल्यावर हवा थेट डेंटीनवर मारू नका. कोरड्या मायक्रोब्रशने किंवा कापसाच्या दाबून सपाट केलेल्या बोळ्याने पाणी टिपून घ्या. सक्शनचे टोक पोकळीच्या कडेला दोन सेकंद धरले तरी जादा पाणी निघते.

मग इनॅमलचा पांढरटपणा कसा बघायचा? तो बघायला वाळवावे लागते आणि वाळवले की डेंटीन बिघडते, असा हा पेच. डेंटीनवर ओलसर बोळा ठेवून फक्त कडांवर हवा मारता येते. नाहीतर सगळे वाळवा, इनॅमल पाहून घ्या, आणि पाण्यात बुडवलेल्या मायक्रोब्रशने डेंटीन पुन्हा भिजवून १५-२० सेकंद तसेच राहू द्या, मग टिपा. दबलेली जाळी पाण्याने पुन्हा उभी राहते. या पुनर्भिजवणीसाठी २ टक्के क्लोरहेक्सिडीन वापरले तर एमएमपींना आळाही बसतो: ३० ते ६० सेकंद ठेवायचे, टिपायचे, धुवायचे नाही.

ॲसिटोन असलेला बाँड कोरडेपणा अजिबात खपवून घेत नाही, कारण जाळी पुन्हा उभी करायला त्यात पाणी नसते. पाणी आणि इथेनॉल असलेला बाँड जास्त सांभाळून घेतो. बाटलीवर द्रावक कोणते आहे ते वाचा आणि ओल त्याप्रमाणे ठेवा. सेल्फ-एच पद्धतीत आधी जाळी उघडी होतच नाही, म्हणून तिथे डेंटीन हलके वाळवलेले चालते. खोल पोकळीत कळ येण्याची तक्रार वारंवार असेल तर डेंटीनवर फॉस्फोरिक ॲसिड न लावता इनॅमलपुरते एचिंग आणि सौम्य युनिव्हर्सल बाँड, हा बदल आधी करून पाहा. आमच्या मते बाटली बदलण्यापेक्षा या एका बदलाचा गुण जास्त येतो.

आणि वेळ. डेंटीनवर १५ सेकंद म्हणजे १५ सेकंदच. जेल आधी इनॅमलच्या कडेला लावा, शेवटी डेंटीनवर. ४०-५० सेकंद राहिले की ॲसिड इतके खोल जाते की रेझिन तळापर्यंत पोहोचत नाही. मनात मोजू नका, घड्याळ लावा.

बाँड लावणे आणि वाळवणे

बाँड नुसता फासून भागत नाही. मायक्रोब्रशने २० सेकंद घासत राहा. घासण्याने ताजे रेझिन आत जाते आणि आतले पाणी व द्रावक बाहेर येते. नंतर हलकी हवा सुमारे ५ सेकंद, मग थोडी जोराची, थर हलायचा थांबेपर्यंत. पृष्ठभागावर लाट उठत असेल तर द्रावक अजून आहे. द्रावक आत कोंडले की थर नीट क्युअर होत नाही आणि पाणी झिरपू देतो. कोपऱ्यात साचलेला बाँड कोरड्या ब्रशने टिपून घ्या. तो तिथे क्युअर झाला तर एक्स-रेवर काळी रेघ दिसते, आणि नंतर पाहणारा डॉक्टर ती कीड समजून चांगले फिलिंग उकरतो.

बाँड वाटीत आधीच काढून ठेवू नका. दोन-तीन मिनिटांत द्रावक उडते आणि घट्ट झालेला बाँड जाळीत शिरत नाही. बाटलीचे झाकण लगेच लावा. फ्रिजमधली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका.

लाइटबद्दल थोडक्यात: रेडिओमीटरने दर आठवड्याला तपासा, टोकावर चिकटलेले कॉम्पोझिट काढा, टोक पोकळीपासून लांब असेल तर वेळ दुप्पट करा. क्लास २ (दाढेच्या शेजारच्या दाताकडील बाजूच्या) पोकळीचा तळ टोकापासून सहज ६-७ मिलिमीटर लांब असतो.

हिरडीलगतची काचेसारखी पोकळी

वारंवार निघणाऱ्या फिलिंगमध्ये सर्वांत जास्त भरणा या पोकळ्यांचा असतो, कारण इथे तयारीच केली जात नाही. पोकळी आयती असते, कीड नसते, म्हणून नुसते पुसून बाँड लावला जातो.

झिजून उघडे पडलेले हे डेंटीन पिवळे-तपकिरी, चकचकीत, एक्सप्लोरर फिरवला तर काचेसारखे लागते. त्याच्या नलिका खनिजाने बुजलेल्या असतात आणि वर अतिखनिजयुक्त थर असतो, त्यावर बऱ्याचदा जीवाणूंचा पातळ पापुद्रा. नेहमीच्या वेळेत ॲसिड इथे फार आत जात नाही आणि हायब्रीड लेअर पातळ होतो. ॲसिडची वेळ वाढवत नेणे हा खात्रीचा उपाय नाही. पोकळीच्या एका भागात डेंटीन कठीण आणि शेजारी साधे असते, आणि साध्या भागात अति-एचिंग होते.

पुढच्या क्रमाने करा:

१. रबर डॅम लावा आणि क्लॅम्पने हिरडी खाली घ्या. ते शक्य नसेल तर हिरडीत कॉर्ड (हिरडी मागे सारणारा दोरा) बसवा. खालची कड पूर्ण दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. प्युमिस आणि पाण्याने पोकळी व आजूबाजूचे इनॅमल साफ करा, धुवा.

३. चकचकीत थर लाल पट्टीच्या डायमंडने किंवा गोल बरने हलकेच खरवडा. खोली वाढवायची नाही. चमक जाऊन पृष्ठभाग मंद दिसला की थांबा.

४. वरच्या इनॅमलच्या कडेला सुमारे १ मिलिमीटर बेव्हल (तिरका उतार) द्या. प्रिझमची टोके आडवी कापली जातात आणि पकड वाढते.

५. इनॅमलला फॉस्फोरिक जेल ३० सेकंद, धुणे, टिपणे.

६. एमडीपी (फॉस्फेट असलेला एक रेझिन घटक) असलेला युनिव्हर्सल बाँड २० सेकंद घासून, हवा देऊन, पुन्हा एक थर त्याच पद्धतीने, मग क्युअर. एमडीपी डेंटीनमधल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध करते. नलिका बुजलेल्या असताना हाच मोठा आधार.

७. कॉम्पोझिट दोन थरांत भरा. पहिला थर वरच्या इनॅमलकडे, दुसरा हिरडीकडे. म्हणजे आकुंचनाची ओढ कमकुवत खालच्या कडेवर एकदम येत नाही.

८. दातावर बाजूने भार येतो का ते आर्टिक्युलेटिंग पेपरने पाहा. दात वाकत असेल तर हिरडीलगत ताण साठतो आणि उत्तम बाँडही थकतो.

खालची कड कोरडी ठेवणे अशक्यच असेल तर हट्ट धरू नका. तिथे रेझिन-मॉडिफाइड ग्लास आयोनोमर (थोडे रेझिन मिसळलेले सिमेंट) बरा. पृष्ठभागाची तयारी मात्र त्यालाही लागते: १० टक्के पॉलिॲक्रिलिक ॲसिड १० ते २० सेकंद, धुणे, टिपणे. वाळवून टाकलेल्या डेंटीनवर ग्लास आयोनोमरही तडकतो.

मधे काय लागले

लाळ कोणत्या टप्प्यावर लागली यावर उपाय ठरतो. एचिंगनंतर लागली तर धुवा आणि ॲसिड पुन्हा थोडा वेळ, १० सेकंद, द्या. क्युअर न केलेल्या बाँडला लागली तर धुवा, टिपा, बाँड नव्याने लावा. क्युअर झालेल्या बाँडला लागली तर धुवा, वाळवा, बाँडचा नवीन थर देऊन क्युअर करा. कापसाने पुसून पुढे जाणे कुठल्याच टप्प्यावर पुरत नाही. लाळेतली प्रथिने पुसल्याने जात नाहीत.

रक्त थांबवायला वापरलेले फेरिक सल्फेट किंवा अल्युमिनियम क्लोराइड रक्तापेक्षा कमी त्रासदायक नाही. त्याचे अवशेष डेंटीनवर बसतात आणि सेल्फ-एचला अडवतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा आणि बाधित कड फॉस्फोरिक ॲसिडने साफ करा किंवा बारीक बर फिरवा.

युजेनॉल असलेले तात्पुरते सिमेंट रेझिनच्या क्युअरिंगमध्ये अडथळा आणते. नंतर बाँड करायचे असेल तेव्हा युजेनॉलविरहित सिमेंटच वापरा. आधीच लागले असेल तर पृष्ठभाग प्युमिसने किंवा एअर ॲब्रेजनने साफ करा आणि एच-रिन्स (ॲसिड लावून धुण्याची) पद्धत घ्या.

ब्लीचिंगनंतर दातात ऑक्सिजन उरतो आणि तो रेझिनचे क्युअरिंग रोखतो. १ ते २ आठवडे थांबा. रूट कॅनालमधील सोडियम हायपोक्लोराइटचाही परिणाम तसाच. पोकळीच्या भिंती बारीक बरने ताज्या करा. तसे जमत नसेल तर १० टक्के सोडियम ॲस्कॉर्बेटने धुणे उपयोगी पडते.

ओनले आणि क्राउन सुटत असतील तर

माप घेतल्यापासून बसवेपर्यंत उघडे डेंटीन तात्पुरत्या सिमेंटखाली राहते आणि घाण होते. त्यापेक्षा ताजे कापलेले डेंटीन त्याच दिवशी बाँडने बंद करणे चांगले. बाँड लावा, क्युअर करा, ग्लिसरीन जेलचा थर देऊन पुन्हा १० सेकंद क्युअर करा, म्हणजे वरचा चिकट, अर्धवट क्युअर झालेला थरही पक्का होतो. मग प्युमिसने पुसा आणि माप घ्या. हा चिकट थर राहिला तर मापाचे मटेरिअल नीट सेट होत नाही आणि तात्पुरता क्राउनही दाताला चिकटतो, म्हणून तिथे व्हॅसलीन लावा. बसवण्याच्या दिवशी तोच थर ५० मायक्रॉन अल्युमिनाने हलका खडबडीत करा, धुवा, आणि ताजा बाँड द्या.

सेल्फ-ॲढेझिव्ह (वेगळा बाँड न लागणारे) सिमेंट वापरताना डेंटीनला फॉस्फोरिक ॲसिड देऊ नका. हे सिमेंट घट्ट असते. उघड्या जाळीत ते शिरत नाही आणि पकड उलट कमी होते. इनॅमलच्या कडेला ॲसिड दिलेले चालते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे आम्लधर्मी बाँडवर त्याच्याशी न जुळणारे ड्युअल-क्युअर (लाइटने आणि रासायनिक क्रियेनेही कडक होणारे) सिमेंट लावणे. बाँडमधले आम्ल सिमेंटमधल्या अमाइनला निकामी करते आणि लाइट न पोहोचणाऱ्या जागी सिमेंट मऊ राहते. बाँड आणि सिमेंट एकाच कंपनीच्या जोडीतले घ्या, आणि ॲक्टिव्हेटर सांगितला असेल तर तो वगळू नका.

सिमेंट दातावर राहून क्राउन कोरा निघत असेल तर क्राउनची आतली बाजू बघा. लिथियम डायसिलिकेटच्या (काचेसारख्या सिरॅमिकच्या) क्राउनला ५ टक्के हायड्रोफ्लोरिक ॲसिड २० सेकंद, धुणे, मग सायलेन (सिरॅमिक आणि रेझिन जोडणारे द्रव) ६० सेकंद. हे ॲसिड तोंडाबाहेर, हातमोजे आणि चष्मा घालूनच हाताळायचे. झिर्कोनियाला ५० मायक्रॉन अल्युमिना १ ते २ बार दाबाने, मग एमडीपी प्रायमर. झिर्कोनिया तोंडात बसवून पाहिला की लाळेतला फॉस्फेट त्याला चिकटतो. तो काढायला फॉस्फोरिक ॲसिड वापरले तर एमडीपीची जागा आणखी फॉस्फेट अडवतो. म्हणून झिर्कोनियाचा क्रम असा ठेवा: आधी तोंडात बसवून पाहणे, मग सँडब्लास्ट, मग प्रायमर.

दोष पकडण्यासाठी बाकावरची चाचणी

एवढे करूनही फिलिंग निघत असेल तर पेशंटच्या दातावर अंदाज बांधू नका. निर्जंतुक करून पाण्यात ठेवलेल्या काढलेल्या दाढा घ्या. वाळलेली दाढ निरुपयोगी. वरचा भाग कापून सपाट डेंटीन उघडे करा आणि नेहमीच्या बरने, नेहमीच्या हवेने, नेहमीच्या वेळांत सगळे करून ३ मिलिमीटर रुंदीचे कॉम्पोझिटचे बटण चिकटवा. दाढ एक दिवस पाण्यात ठेवा, मग बटण कडेने एक्स्कॅव्हेटरने ढकला.

चांगले बाँडिंग असेल तर बटण सहज निघत नाही. जोर लावला तर डेंटीनचा किंवा कॉम्पोझिटचा तुकडा घेऊन तुटते. टक्कन सुटले आणि खाली बरच्या रेघा दिसल्या तर दुसऱ्या दाढेवर एकच गोष्ट बदला: फक्त बर, किंवा फक्त वाळवण्याची पद्धत, किंवा फक्त हवेची लाइन. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. प्रत्येक दाढेवर पेन्सिलने क्रमांक घाला आणि बर, द्रावक, ओल, हवा, क्युअरिंगचे सेकंद एका कागदावर लिहा. बटण कोणत्या दाढेवर टिकले ते पाहून तेवढाच बदल पुढच्या पेशंटला लागू करा आणि तीन महिन्यांनी त्या दाताची कड एक्सप्लोररने तपासा.